फियाट की अँबॅसिडर? प्रश्नच चुकलाय!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय गाड्यांचा आहे, पण ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही थांबायला हरकत नाही. कारण भांडण शेवटी गाड्यांचं नाहीच.

आयटीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये दोन जातीचे गाडीवेडे सापडतात. पहिली जात जग्वार ई-टाइप भारी की पोर्श ९११ भारी यावर जेवणाची सुट्टी घालवते. यातल्या कुणीही दोन्हीपैकी एकाही गाडीच्या दाराला हात लावलेला नसतो, पण त्यानं काही बिघडत नाही. (आपण बॅटला हात न लावता सचिनची चूक काढतोच की!) दुसरी जात भावुक. त्यांचा वाद फियाट की अँबॅसिडर. "काय गाड्या होत्या राव! साध्या, दणकट, आपल्या रस्त्यांसाठीच बनलेल्या. कुठल्याही खेड्यात बंद पडू दे, मिस्त्री दहा मिनिटांत चालू करून देणार." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्या म्हसवडसारख्या गावाला तर अजूनही अँबॅसिडरच बरी!"

हे "तुझ्या म्हसवडसारख्या गावाला" मला टोचतं. त्याच्याकडे नंतर येतो.

या दोन जातींना वाटतं की आपल्या वादांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक वाद युरोपातल्या स्पोर्ट्स कारचा, दुसरा आपल्या देशी डब्यांचा. आणि इथेच सगळी गंमत आहे. फियाट आणि अँबॅसिडर, या दोन्हींच्या बॉनेटखाली जी इंजिनं होती, त्याच घराण्यातल्या, त्याच सीसीच्या इंजिनांवर युरोपात दोन नावाजलेल्या स्पोर्ट्स कार झाल्या. एक इटलीत, एक इंग्लंडमध्ये. ही तुलना आपल्याकडे फारशी कुणी करत नाही, म्हणून आज ती करू.

आधी इटली. १९३७ साली फियाटने '५०८ सी' नावाची छोटी घरगुती गाडी काढली. इंजिन १०८९ सीसी. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. ती घडवणारा मुख्य इंजिनियर दान्ते जाकोसा, तेव्हा ऐन तिशीतला. हे आकडे जरा लक्षात ठेवा. कारण १९५३ ची फियाट ११००, आपल्याकडची 'डिलाइट' आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी, या सगळ्यांचं माप तेच. १०८९ सीसी, ६८ बाय ७५.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तूरिन शहर बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळं झालं होतं. इटली हरलेली, खिसे रिकामे. अशा काळात पिएरो दुसिओ नावाच्या उद्योजकाने 'चिसितालिया' नावाने गाड्या बनवायला घेतल्या. नवं इंजिन बनवायला पैसे नव्हते, म्हणून बाजारात होतं ते फियाट ११०० चं इंजिन घेतलं. त्याला ट्यून करून साधारण ५५ अश्वशक्तीपर्यंत आणलं. खाली नळ्यांची हलकी चौकट, आणि वर पिनिन फारिनाने १९४७ मध्ये बनवलेली बॉडी. या 'चिसितालिया २०२' चं रूप असं होतं की १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती. पुढे १९७२ मध्ये ती त्या म्युझियमच्या कायमच्या संग्रहात गेली. चित्रं आणि शिल्पं जपणाऱ्या म्युझियममध्ये एक गाडी, आणि तिच्या पोटात आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं इंजिन!

अजून एक किस्सा. १९४७ च्या 'मिले मिलिया' शर्यतीत (नावाचा अर्थच हजार मैल) ताझिओ नुवोलारी हा चोपन्न वर्षांचा म्हातारा वाघ उघडी चिसितालिया घेऊन उतरला. समोर २.९ लिटरची अल्फा रोमिओ, म्हणजे इंजिन जवळजवळ तिप्पट. तरी हा पठ्ठ्या पुढे होता. शेवटी पावसानं घात केला. इग्निशनमध्ये पाणी गेलं, गाडी थांबली, वेळ गेला, आणि नुवोलारी दुसरा आला. मुंबईच्या पावसात हिंदमाताजवळ डिस्ट्रिब्युटर पुसत बसलेल्या टॅक्सीवाल्याला ही गोष्ट कुणी सांगायला हवी होती. "काका, हे दुखणं नुवोलारीच्या गाडीलाही होतं" म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं असतं :-)

आता इंग्लंड. तिथल्या ऑस्टिन आणि मॉरिस या दोन कंपन्या १९५२ मध्ये एक झाल्या. त्यांनी मध्यम आकाराच्या घरगुती गाड्यांसाठी एक इंजिन वापरायला काढलं, 'बी सिरीज'. त्याचा १४८९ सीसीचा अवतार म्हणजे चाकरमान्यांच्या गाडीचं इंजिन. सकाळी ऑफिस, रविवारी सासुरवाडी, एवढंच त्याचं काम. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या 'एमजी' कारखान्याने तेच इंजिन उचललं, दोन कार्बोरेटर बसवले, बुटकी, वाऱ्याला वाट देणारी बॉडी चढवली आणि १९५५ मध्ये 'एमजीए' बाजारात आणली. आधी ६८ आणि लवकरच ७२ अश्वशक्ती. त्याच वर्षी तिचे नमुने ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावले. १९६२ पर्यंत एक लाखाच्या वर एमजीए बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जहाजात बसून परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या.

अ‍ॅबिंग्डनच्या शेजारीच काउली. तिथे मॉरिस ऑक्सफर्ड बनायची. तिची 'सिरीज थ्री' उत्तरपाड्याला आली आणि १९५७ पासून 'हिंदुस्तान अँबॅसिडर' झाली. थोड्याच काळात तिला तेच १४८९ सीसीचं बी सिरीज इंजिन मिळालं. म्हणजे एकाच पिठाच्या दोन भाकरी. एक गेली कॅलिफोर्नियाला, एक आली बंगालला.

मग या दोन युरोपियन गाड्यांत भारी कोण? सौंदर्यात चिसितालिया, यावर वादच नको. पण ती हातानं घडवलेली चीज, कूपे दोनशेसुद्धा झाल्या नाहीत. दुसिओने पुढे पोर्श मंडळींकडून महागडी ग्रां-प्री गाडी बनवून घ्यायचा घाट घातला, त्यात कंपनीचं दिवाळं वाजलं आणि तो अर्जेंटिनाला निघून गेला. माझं मत इंजिनियर म्हणून एमजीएला. कारण तिच्यात अलौकिक असं काही नव्हतं. कोठारात जे सुटे भाग होते तेच घेतले, डोकं लावलं, आणि साध्या पगारदाराला स्वप्नात नाही, हप्त्यात परवडेल अशी स्पोर्ट्स कार काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्याच लायब्ररीवर नवं प्रॉडक्ट. आणि हे प्रॉडक्ट एक लाख लोकांनी पैसे मोजून घेतलं.

दोन्हींत सारखी असणारी गोष्ट एकच. हाताशी साधं इंजिन होतं, आणि कुणीतरी विचारलं, "यातून अजून काय काढता येईल?"

आता आपल्याकडे या.

फियाटबद्दल मला थोडा आपलेपणा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचे. आमच्या माणदेशातून नातेपुत्याकडे उतरून इंदापूर तालुक्यात शिरलं की त्यांच्या नावाचं वालचंदनगर लागतं. दुष्काळी मुलखाच्या कडेला साखर कारखाना काढणारा, विशाखापट्टणमला जहाजं आणि बंगळूरला विमानं बांधायला निघालेला हा माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर काढली. कुर्ल्याला कारखाना झाला. १९५३ मध्ये ते गेले. त्यामुळे पुढे जे झालं, किंवा खरं तर झालं नाही, त्याचा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

फियाट हलकी, नऊशे किलोच्या आसपास. अँबॅसिडर अकराशेच्या वर. फियाटचं इंजिन छोटं पण चटकन पळणारं, शहरात वळवायला, उभी करायला सोपी. अँबॅसिडरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तिचं स्टिअरिंग रॅक-पिनियनचं, म्हणजे कागदावर तरी फियाटच्या जुन्या वर्म गिअरपेक्षा पुढचं. जागा ऐसपैस. आणि साधारण १९८० पासून तिच्यात डिझेल इंजिन मिळू लागलं. मग भाड्याच्या गाडीचं गणितच बदललं. गावाकडे जिथे नवरा-नवरी, करवली, दोन मामा, आहेराची भांडी आणि ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेला भटजी, असा सगळा ऐवज एका गाडीत जायचा, तिथे अँबॅसिडर जिंकली यात नवल नाही. गाडी म्हणून मला फियाट जास्त आवडते. वापर म्हणून गावाकडे अँबॅसिडर बरी. झाला निकाल. एका परिच्छेदात संपणारा वाद आहे हा.

आणि म्हणूनच तो चुकीचा प्रश्न आहे. खरा प्रश्न असा : या दोन्ही गाड्या इतकी वर्षं तशाच का राहिल्या?

जी फियाट ११००-डी आपल्याकडे आली, ती इटलीत १९६६ मध्ये बंद झाली. १९६९ मध्ये त्याच जाकोसाने फियाट १२८ काढली. आडवं बसवलेलं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, म्हणजे आज तुमच्या दारात उभ्या असलेल्या हॅचबॅकचीच मांडणी. आपण कुर्ल्यात ११००-डी बनवत राहिलो, २००० सालच्या आसपासपर्यंत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचा करार संपला तेव्हा नाव बदलून आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' केलं. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये थांबली. उत्तरपाड्यात ती थांबली मे २०१४ मध्ये. पंचावन्न वर्षांनी!

मधल्या काळात अँबॅसिडरच्या आवृत्त्या निघाल्या. मार्क टू, १९७५ मध्ये मार्क थ्री, १९७९ मध्ये मार्क फोर. आपण सॉफ्टवेअरवाले आहोत, आपल्याला ही भाषा कळते. बहुतेक वेळा नव्या आवृत्तीत काय, तर पुढची जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, दिवे बदलले. आत तेच १४८९ सीसी. लॉगिन पेजचा रंग बदलून व्हर्जन ४.० म्हणून विकणाऱ्या कंपन्या आपण पाहिल्यात. कधी कधी आपण त्यांतच नोकरी करतो!

इंजिनात दम नव्हता म्हणावं तर तेही नाही. जे इंजिन एमजीएमध्ये ७२ अश्वशक्ती देत होतं, ते अँबॅसिडरमध्ये पन्नासच्या आसपास. जे चिसितालियामध्ये ५५ देत होतं, ते पद्मिनीत चाळीस-बेचाळीस. बरं, इथल्या हातांना जमलं नसतं असंही नाही. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती व्हायच्या. तिथे आपल्याच फियाट ट्यून करून पळवल्या जात. हेड घासून, कार्बोरेटर वाढवून, एक्झॉस्ट बदलून. हे करणारे कुणी तूरिनहून आलेले नव्हते, आपलेच मेकॅनिक होते. गॅरेजमध्ये जे जमत होतं ते कारखान्याने का नाही केलं?

कारण करायची गरज नव्हती. गाडी हवी असेल तर नंबर लावा, पैसे भरा आणि थांबा. वर्षानुवर्षं थांबा. गिऱ्हाईक जाणार कुठे? दुकानात दोन-तीनच डबे, आणि प्रत्येकासमोर रांग. रांगेतल्या माणसासाठी कुणी ब्रेक सुधारत नसतं.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप : "अरे, देश गरीब होता, लोकांना खायला नव्हतं, तुला स्पोर्ट्स कार सुचतायत!" मान्य, गरीब होता. पण १९४६-४७ ची इटली काय श्रीमंत होती? आणि मी कुठे म्हणतोय की म्हसवडला स्पोर्ट्स कार हवी होती? स्पोर्ट्स कार हा पुरावा आहे, मागणी नाही. त्या इंजिनात अजून बरंच शिल्लक होतं, एवढंच ती सिद्ध करते. ते शिल्लक चांगल्या ब्रेकमध्ये, कमी पेट्रोलमध्ये, न गंजणाऱ्या पत्र्यात, घाटात न तापणाऱ्या इंजिनात वळवता आलं असतं. गरीब देशाला तर ते जास्तच हवं होतं. ज्याला आयुष्यात एकदाच गाडी घ्यायची आहे, त्याची गाडी जास्त चांगली नको का?

दुसरा आक्षेप : "सगळा दोष सरकारचा. लायसन्स सरकारचं, किमती सरकार ठरवणार, आयातीला बंदी. कंपन्या काय करणार?" यात तथ्य आहे. किमतींचा वाद तर १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. पण एक गंमत बघा. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. आणि इतकी वर्षं ज्यांना काही करता येत नव्हतं त्यांना अचानक सुचायला लागलं. १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने काँटेसा काढली, १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई. या 'नव्या' गाड्या तरी कुठल्या? काँटेसा म्हणजे सत्तरच्या दशकातली इंग्लंडची व्हॉक्सहॉल, आणि तिच्यात सुरुवातीला इंजिन कोणतं? तेच ते १४८९ सीसी! ११८ एनई म्हणजे १९६६ ची फियाट १२४, आत निसानचं इंजिन. शिळ्या कढीला ऊत, पण ऊत आला तरी. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अँबॅसिडरमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरही आले. म्हणजे तिचं इंजिन बदलणं शक्य होतं. फक्त आधी शेजारी दुसरं दुकान उघडावं लागलं. सरकारने स्पर्धेला दार बंद केलं हे खरं. पण आतल्यांना गारव्यात छान झोप लागली होती हेही तितकंच खरं.

तिसरा आक्षेप सगळ्यात गोड, आणि म्हणून सगळ्यात धोकादायक : "पण त्या कुठेही दुरुस्त व्हायच्या ना!"

व्हायच्या. आणि का व्हायच्या ते म्हसवडच्या माणसाला विचारा. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं हे गाव. माणगंगा नदी आहे, पण बहुतेक वर्षी पात्रात पाणी कमी आणि वाळू जास्त. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा सगळा मुलूख गावात लोटतो. एरवी ऊन, धूळ आणि लांबलांबची अंतरं. अशा मुलखात गाडी बंद पडली तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर नावाची वस्तू नव्हतीच. होता तो मिस्त्री. पॉलिश पेपरने पॉइंट घासून, हॅकसॉच्या पात्यानं गॅप मापून, जेट फुंकून, उन्हात पेट्रोल उकळलं तर पंपावर ओला फडका टाकून तो गाडी चालू करायचा. पार्ट मिळाला नाही तर लेथवर करून घ्यायचा. सेल्फ लागला नाही तर हँडल मारायचा, नाहीतर चार पोरं बोलावून धक्का.

ही कमाल त्या मिस्त्रीची आहे. गाडीची नाही, आणि कारखान्याची तर अजिबात नाही. दुरुस्त करता येणं हा गुण आहे. सारखं दुरुस्त करावं लागणं हा गुण नाही. आपण हे दोन्ही एकत्र कालवतो आणि वर 'साधेपणा' नावाची साखर पेरतो. ज्या सॉफ्टवेअरसाठी रात्री तीन वाजता कुणाला तरी उठून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, त्याला आपण दणकट म्हणतो का? मग?

उलट, जे खरंच जपण्यासारखं होतं ते आपण सोडून दिलं. गाडीचं पोट कुणालाही उघडून बघता येत होतं, कुणालाही शिकता येत होतं. आज नवीन गाडीचा दिवा पेटला की तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडे ना तो स्कॅनर असतो ना कंपनीची माहिती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश होता. त्या हक्कासाठी भांडा, मी तुमच्या बाजूने उभा आहे. पण त्यासाठी १९५६ सालची गाडी २०१४ पर्यंत बनवायची गरज नव्हती. चांगली गाडीही उघडता येणारी असू शकते. एमजीए आजही लोक घराच्या गॅरेजमध्ये उघडतात आणि जोडतात.

आता त्या टोचणाऱ्या वाक्याकडे येतो. "तुझ्या म्हसवडसारख्या गावाला अँबॅसिडरच बरी."

हे वाक्य गाडीबद्दल नाही. "यांना एवढं पुरे" असं ते वाक्य आहे. आणि ते आम्ही बऱ्याच बाबतीत ऐकलंय. म्हसवडमध्ये १९९७ साली चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. त्याआधीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण बँक काढायला निघालेल्या बऱ्याच बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या काय म्हणाल्या नाहीत, की बरं, आमच्यासारख्यांना भिशी पुरे. लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या, तोंडी हिशेब करून दाखवायची तयारी ठेवली आणि परवाना घेऊन आल्या. अंगात काय आहे ते जोखायच्या आधीच "पुरे" म्हणणारे लोक सगळीकडे असतात. १४८९ सीसीच्या इंजिनाच्या बाबतीत होते, माणदेशातल्या बायकांच्या बाबतीतही होते. फरक एवढाच की इंजिनाला परत जाऊन भांडता येत नाही.

म्हणून आठवणींचा हा जो बाजार सध्या तेजीत आहे, त्याचा मला राग येतो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली होती, वीस वर्षांची मुदत संपली. त्या दिवसांत सगळीकडे हळवे लेख आले, फोटो आले. हळवं व्हायला माझी ना नाही. ती टॅक्सी चालवून ज्यांनी मुलं शिकवली त्यांच्यासाठी व्हा. पावसात तिला चालू ठेवणाऱ्या हातांसाठी व्हा. पण ज्या कारभारानं त्या ड्रायव्हरला एकविसाव्या शतकातही १९६२ सालची सीट, १९६२ सालचे ब्रेक आणि १९६२ सालची गरमी दिली, त्याला 'तो सुंदर साधा काळ' म्हणू नका. सुंदर काळ वगैरे काही नव्हता. दुसरा पर्याय नव्हता, एवढंच.

आणि हे सगळं तुम्हाला, कीबोर्ड बडवणाऱ्या लोकांना का सांगतोय? कारण आपल्यातले बरेच जण आज उत्तरपाड्यातच बसलेत. कुणी विद्यापीठाच्या परीक्षा फॉर्मची साइट सांभाळतो, कुणी पेन्शनच्या पोर्टलची, कुणी बँकेच्या आतल्या सिस्टिमची. तिथला माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही. त्याला तोच फॉर्म भरायचाय, तीच साइट उघडायचीय, रात्री बारानंतर, जेव्हा सर्व्हर जरा मोकळा असतो तेव्हा. आणि आपण मीटिंगमध्ये आलेख दाखवतो, की बघा, वापरणारे दरवर्षी वाढतायत! अँबॅसिडरच्या रांगाही वाढतच होत्या की. रांग म्हणजे प्रेम नव्हे. गिऱ्हाईक खूश आहे की अडकलंय, हे शेजारी मारुती उभी राहिल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो. २०१७ मध्ये अँबॅसिडरचं नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटींना विकलं गेलं. साठ वर्षांनी विकायला नावच तेवढं उरलं होतं.

अ‍ॅबिंग्डनच्या लोकांकडे आपल्यापेक्षा वेगळं इंजिन नव्हतं. तूरिनच्या लोकांकडे आपल्यापेक्षा जास्त पैसे नव्हते. त्यांच्याकडे एक सवय होती, की आहे त्यातून अजून काय निघेल ते बघायची. ती सवय ना इटालियन आहे ना इंग्लिश. शोलावरमला हेड घासणाऱ्याकडे ती होती, म्हसवडच्या मिस्त्रीकडे ती होती. नव्हती ती फक्त ज्यांच्या हातात कारखाना होता त्यांच्याकडे.

तेव्हा पुढच्या वेळी कँटीनमध्ये कुणी "फियाट की अँबॅसिडर?" असं विचारलं तर त्याला खुशाल उलट विचारा, "आधी हे सांग, एमजीए की चिसितालिया?" तो म्हणेल, त्याचा काय संबंध? मग त्याला समोर बसवा, एक कटिंग मागवा आणि सांगायला लागा.

असो. फार झालं. उद्या सोमवार आहे, आणि माझ्याही नावावर एक जुनी सिस्टिम आहे. तिची नुसती जाळी बदलून भागणार नाही.